पेपानी

बोअरच्या ओट्यावर शेवाळ होतं.
पाय घसरला, बादली गेली,
आणि रांगेतल्या सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या,
"पेपानी!"

पेपानी म्हणजे माफ करा,
असं आमच्या शब्दांच्या वहीत होतं.
मी चितेंजे पिळत उठले
आणि मोडक्यातोडक्या चिचेवात विचारलं,
माफी कशाला? तुमचा काय दोष?
नाबांडा तोंडावर हात ठेवून हसली.
"दोष नाहीच गं. पण पडलीस ना तू?"

आम्ही इथं द्यायला आलो होतो.
नऊ खोकी, त्यातली चार नुसती पुस्तकांची,
शिवाय रंगीत तक्ते: उधळा पुत्र, हरवलेलं मेंढरू.
इथं मेंढरं कमीच. शेळ्या आहेत,
आणि त्या मुळीच हरवत नाहीत,
उपासनेला सगळ्यांच्या आधी येतात
आणि उधळ्या पुत्राचा कोपरा खातात.
देवदान रोज रात्री कंदिलाशी बसून लिहायचा:
आज काय शिकवलं.
पहिल्या वर्षी वही भरली.
दुसऱ्या वर्षी नुसत्या तारखा.

फेब्रुवारीत मका शेतात हिरवा असतो
आणि कणग्यांत हात घातला तर तळ लागतो.
त्या दिवसांत लिंबिकानीला ताप चढला.
नाबांडाचा धाकटा. सात वर्षांचा.
आमच्या जीपचा आरसा रोज थुंकी लावून पुसायचा,
आणि मग त्यात स्वतःचे दात मोजायचा.
रात्री ती अंगणात येऊन "ओडी, ओडी" म्हणत उभी राहिली.
इथं दार वाजवत नाहीत,
हाक घालतात आणि थांबतात.
देवदान म्हणाला, ओढ्याला पाणी आहे,
उजाडताच निघू.
उजाडताच निघालो.

ते "उजाडताच" आमच्या घरात नंतर
कुणी उच्चारलं नाही.

मयताला बायका आत जमिनीवर, पुरुष बाहेर आंब्याखाली.
देवदानने रात्रभर वचनं काढली होती,
कागदाच्या खुणा घालून, ओळीखाली पेन्सिल मारून.
दाराशी गेला आणि ओडी म्हणाला,
पण ते इतकं हळू, की मलाच ऐकू आलं.
मग नुसता उभा.
त्याच्या हातातलं पुस्तक हलत होतं,
खुणांचे कागद एकेक गळत होते.
नाबांडाने वर पाहिलं.
रडून तिचा आवाज गेलेला,
तरी त्या उरलेल्या आवाजात ती म्हणाली,
"पेपानी, अबुसा."

ती म्हणाली.
त्याला.

जालन्याच्या देवळात, फ्रॉकच्या वयात,
मी तो अध्याय पाठ म्हणून दाखवला होता,
एकही शब्द न चुकता.
बक्षीस म्हणून स्टीलची डबी मिळाली, अजून आहे, तिच्यात सुया असतात.
स्वतःचा दोष नसताना
दुसऱ्याच्या पडण्यापाशी वाकलेला तो,
मला वाटायचं, मला माहीत आहे.
मी फक्त त्याचं मराठी पाठ केलं होतं.

पुढच्या रविवारी देवदान उपदेशाला उभा राहिला
आणि पेपानी म्हणून खाली बसला.
फार वेळ कुणी बोललं नाही.
शेळी शिंकली.
मग मागून एका म्हाताऱ्याने गाणं उचललं,
सावकाश, त्यांच्याच चालीवर.

बोर्डाचं पत्र आलंय.
वार्षिक अहवाल हवा: किती कुटुंबांना भेटी,
किती जणांना शिकवण, रकाना तिसरा.
पेनातली शाई दोनदा सुकली.
बाहेर सरोवरावरून वारा सुटलाय,
बोरूच्या मांडवावर उसिपा वाळत घातलेत,
चांदीच्या खिळ्यांएवढे, हजारो,
आणि कावळे जवळ सरकताहेत.
नाबांडा एका टोकाकडून मासे उलटत निघाली आहे.
दुसऱ्या टोकाला
कुणी नाही.

जाते.