मसुराएवढी

हिल्काच्या दंडावर, आतल्या अंगाला,
त्यांनी मुद्दाम पाडली एक जखम,
मसुराच्या दाण्याएवढी.
सही तिनंच केली होती.

ओउलूच्या दवाखान्यात दर मंगळवारी
सातू नर्स पट्टी सोडते, फोटो काढते, मोजते.
बरोबरच्या सीर्काची केव्हाच मिटली.
हिची अजून ओली.

“घरी कसं आहे?”
“ठीक.”

ठीक म्हणजे
तैस्तो रात्री तीनला उठतो,
बूट चढवून बर्फात निघतो पाळीवर,
कागद गिरणी बंद पडून एकोणीस वर्षं झाली तरी.
ठीक म्हणजे
तो तिला अहो बाई म्हणतो.

रक्तातल्या पांढऱ्या पेशीही बहुधा
दाराला कान लावून बसतात रात्रभर,
कडी वाजते का, ऐकत.
दंडाकडे बघायला त्यांना सवड कुठली?

रविवारी ती पट्टी बदलत होती,
तो जवळ आला. नाव आठवेना.
तरी वाकला, आणि फुंकर घातली,
पोराच्या गुडघ्यावर घालतात तशी.
त्या रात्री ती सहा तास झोपली.

मंगळवारी सातूनं आकडा लिहिला.
खोडला.
पुन्हा मोजपट्टी लावली.
हिल्काचं लक्ष घड्याळाकडे:
शेजारीण त्याच्यापाशी
चारपर्यंतच थांबणार होती.