पेव

हरिपूरला नानांच्या देखरेखीखाली सात पेवं होती.
वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड,
आत बैलगाडी फिरेल एवढी पोकळी.
हळद भरायची, तोंड लिंपायचं, वर्षानुवर्षं विसरून जायचं.
उघडल्यावर मात्र कुणी लगेच उतरायचं नाही.
आधी कंदील.
दोरीला बांधून, हळूहळू.
विझला तर खाली हवा नाही.
थांबा जरा, नाना म्हणायचे,
जमिनीला दम घेऊ द्या.

मिरजेत डॉक्टर कोठावळेबाईंनी
माझ्या छातीचा फोटो उजेडावर धरला.
बघा, म्हणाल्या.
पेवं.
डावीकडे, उजवीकडे, गोल, पातळ भिंतींची,
मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल इतकी.
आणि सगळी रिकामी.

त्याआधी तीन वर्षं मला दमा होता.
त्याच्याही आधी सहा महिने टीबी,
थुंकीत काही न सापडताच.
सासूबाईंच्या मते नुसता जिन्याचा कंटाळा.
एकजण म्हणाले, यार्डात सौद्याच्या पावत्या फाडता,
हळदीची धूळ गेली असणार.
हळद बिचारी.
तिच्यावर आळ यायची ही पहिलीच वेळ.

रोगाचं नाव मी पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं.
लिम्फ. अँजिओ. लिओ. मायो. मॅटोसिस.
बस सांगलीत शिरेपर्यंत मधले दोन डबे सुटले.
लॅम म्हणा, बाई म्हणाल्या होत्या.
जवळजवळ बायकांनाच होतो.
का, विचारलं.
अजून नीट कळलेलं नाही, म्हणाल्या,
आणि पहिल्यांदाच
डॉक्टरच्या तोंडून असं ऐकून मला बरं वाटलं.

उजव्या मूत्रपिंडावर गाठही आहे.
कॅन्सर नव्हे. चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या,
सगळं घरचंच, फक्त नको तिथे जमलेलं.
साडेतीन सेंटिमीटर.
चारच्या वर गेली की फुटून रक्त जायची भीती.
मी सांगलीची, मला हे समजवावं लागत नाही.
ऑगस्टात आम्ही आयर्विन पुलाचे आकडे असेच ऐकतो:
अडतीस फूट. साडेअडतीस.
चाळीसला इशारा, सामान माळ्यावर.
इथे माळा कुठला, ते विचारायचं राहिलं.

एका पहाटे भाकरी थापताना
उजवं फुप्फुस बसलं. आवाज नाही, काही नाही,
फक्त परात दूर गेल्यासारखी वाटली.
छातीत नळी, खाटेखाली पाण्याची बाटली.
खोकले की बाटलीत बुडबुडे.
शेजारच्या खाटेवरची आजी रात्रभर ऐकत होती.
सकाळी म्हणाली,
तुझ्यापेक्षा तुझी बाटलीच जास्त बोलती गं.

आता रोज एक गोळी.
कुठल्याशा लांबच्या बेटावरच्या मातीत
ती पहिल्यांदा सापडली म्हणे.
नानांना हे लगेच पटलं असतं.
बरं करत नाही, धरून ठेवते.
तोंड येतं, मग भाकरी दुधात कुस्करते.
दुसरं मूल नको, असं बाई म्हणाल्या
तेव्हा ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं.
मी फीच्या पावतीवरची तारीख तपासली.
चुकीची होती.

दर सहा महिन्यांनी चालायची परीक्षा.
दवाखान्याच्या बोळातून, सहा मिनिटं, घड्याळ लावून.
तीनशे चाळीस मीटर भरले.
घरापासून संगमापर्यंत जाता येतं एवढ्यात.
परत येता येत नाही.

नाना गेले. महापुरात पाच पेवं खचली,
उरलेल्या दोन्हींवर आता कुणी फरशी घातली आहे.
केतकी नववीत आहे.
रात्री अभ्यास आवरला की
माझ्या बोटाला तो चिमटा लावते.
नखाखाली लाल उजेड लागतो.
ब्याण्णव, म्हणते. थांब, त्र्याण्णव.
आणि आकडा वाचून झाला तरी
माझं मनगट सोडत नाही,
वर काठावर उभं राहून दोरी धरावी तशी.

सोड गं अजून थोडी, मी म्हणते,
दिसतंय मला.