चार गाठींची सुतळी

वरूडच्या बायपासला चिंचमलातपुऱ्यांच्या पत्र्याच्या शेडखाली
दोन ट्रॅक्टर उभे, बुटके,
वर बसून गवत कापायचे.
एक लाल, एक पिवळा.
दोघांच्या सीटवर अजून प्लास्टिक,
आहेरातल्या खुर्च्यांना असतं तसं.

मी एकतीस वर्षं एसटीत मेकॅनिक.
डेपोत शिरणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून सांगायचो
क्लच प्लेट गेली,
की ड्रायव्हर घरून भांडून आला.
म्हणून आधी लालचं बॉनेट उघडलं, कान दिला,
आणि तो मला तिथंच आवडला.
गिअर आहेत. बेल्ट डोळ्यांना दिसतो.
नटांना माझ्या पेटीतला सोळा-सतराचा पाना बसेल.
खाली तीन पात्यांचा रुंद डेक,
म्हणजे घराभोवतीचं पाऊण एकर,
तरोटा, हराळी, गाजरगवत,
दोन तासांत साफ.

पिवळ्याला गिअरच नाहीत.
पंजा दाबला की पुढे, टाच दाबली की मागे.
"आतलं काही पाहावं लागत नाही काका,
कंपनीचा माणूस येते," पोरगा म्हणाला.
जे मला उघडता येत नाही
त्यावर मी बसत नाही.
(विमानातही नाही. लेक बोलावून थकली.)

मंदाकिनीनं किंमत विचारली नाही.
"बसून पाहू का?" म्हणाली.
लालवर चढताना तिचा उजवा गुडघा
अर्ध्यात अडला.
"कायले एवढं उंच केलं असन, बावा!"
पिवळ्यावर मात्र ती बसली
जशी संध्याकाळी ओट्यावर बसते.
स्टिअरिंग धरलंच नाही.
हात मांडीवर, नजर समोरच्या रस्त्यावर,
खिडकीची जागा मिळाल्यासारखी.

तीस पावसाळे तिनंच कापलं, विळ्यानं.
मी ड्युटीवर असायचो.

मग तिनं पिशवीतून सुतळी काढली.
चार गाठी मारलेली.
"हे फाटक. हे विहिरीपासून गोठ्याच्या भितीलोक.
हे नळापाशी वळाचं.
आन हे, तुमचं संत्रं आन तारेचं कुंपण."

माझं संत्रं.
नाइट करून आलो होतो,
झोपेतच खड्डा खणला, दोरी न लावता.
सगळी रांग सरळ, तेवढंच एक
हातभर पुढे,
स्टॉप सोडून थांबलेल्या गाडीसारखं.

सुतळी तिनं लालच्या पोटापाशी धरली.
मी दुसऱ्या टोकाला वाकलो.
तीन गाठी पास.
चौथीला डेक चार बोटं बाहेर.
मी पुन्हा मोजलं. ताणून मोजलं.
चार बोटं.

"झाड काढून टाकू," मी म्हणालो,
"तसंही चुकीच्या जागी लागलं."

ती काही बोलली नाही.
सुतळी बोटाला गुंडाळत राहिली.
पोरगा पाण्याचे ग्लास घेऊन आला.
रस्त्यावरून पेट्या भरलेला ट्रक गेला,
शेडचा पत्रा थरथरून थांबला.
मग म्हणाली,
"त्याच्याच सावलीत तर इळा ठेवून
मी भाकर खात होती न जी."

मी पिवळ्याच्या चाकाला लाथ मारून पाहिली,
डेपोतली खोड.
काहीच वाजलं नाही.

"पावती कोणाच्या नावानं?"
पोरानं पेन माझ्याकडे सरकवला.
मी तो पुढे सरकवला.
तिनं चष्मा शोधला, लावला,
आणि आडनावासकट, एकही अक्षर न जोडता,
सावकाश सही केली.

परतीच्या एसटीत मागची सीट मिळाली.
चढावर ड्रायव्हरनं गिअर टाकला,
दात खरखरले, माझेही दुखले.
"सेकंड जाऊन राहिला याचा," मी म्हणालो.
"जाऊ द्या," ती म्हणाली.
"आपल्याले गिअरच नाई."