सांगता येत नाही

चेवड्याच्या जुन्या डब्यात बेचाळीस क्लिकर.
रणछोडकाका दर मंगळवारी ते वाटतात
प्रसादासारखे, उजव्या हातात.

मी फळ्यावर लिहिलं:
सुरसागरात होडी, होडीत माणूस,
माणसाच्या मांडीवर दगड.
त्यानं दगड तळ्यात सोडला.
पाण्याची पातळी
अ वाढेल, ब घटेल, क तेवढीच राहील,
ड सांगता येत नाही.

साठ सेकंद.
बेचाळीस अंगठे ओढणीआड, बाकाखाली.
मग पडद्यावर खांब उगवले.
वाढेल: एकतीस.
घटेल म्हणणारे दोन.

सत्तावीस वर्षं मी विचारत आले, कळलं ना?
सत्तावीस वर्षं माना डोलल्या,
हा बेन, समजाई गयुं.
त्याच माना घेऊन पोरं पांगली,
कुणी रिफायनरीत, कुणी न्यू जर्सीत,
एक आमच्याच सोसायटीचा सेक्रेटरी,
गच्चीवरच्या टाकीचा हिशोब ठेवतो.
किती जणांच्या डोक्यात तो दगड
अजून पाणी वर ढकलत असेल?

उत्तर मी सांगितलं नाही.
म्हटलं, शेजाऱ्याशी भांडा.

आधी नुसती कुजबुज, बाकांची करकर.
मग झंखना परमार,
हजेरीच्या 'यस मॅडम'पलीकडे
जिचा आवाज मी ऐकला नव्हता,
मागे वळून डब्याचं झाकण हवेत धरून म्हणाली,
अरे, होडीत असेपर्यंत दगड वजनाइतकं पाणी सारतो,
बुडाला की फक्त स्वतःपुरतं!
निम्मं गुजरातीत, निम्मं हातांनी.
पार्थिव म्हणाला, खोटुं.
मग ती उठून उभीच राहिली.

पुन्हा मत.
घटेल: चोवीस. वाढेल: चौदा, अढळ.
आणि चार जण, सगळं ऐकूनही,
ड.
त्या चौघांचा मला फार आधार वाटला.
नावं कळत नाहीत, तेच बरं.

तास संपला. काकांनी दोनदा मोजलं,
एक्केचाळीस.

घरी जाताना स्कूटर सुरसागरापाशी थांबवली.
पायरी किती ओली आहे ते उगाच पाहिलं.
रुमालासाठी पर्स उघडली तर
किल्ल्यांच्या जुडग्यात तो बेचाळिसावा,
सकाळी बॅटरी बदलायला घेतलेला.

कळलं ना?
कुणी विचारलं नव्हतं, तरी
अंगठा ड वर गेला.
इवला हिरवा दिवा लागला.
टिपून घेणारं यंत्र तिकडे
कॉलेजच्या कपाटात, कुलपात.