रिकामी ओळ

तार्तूत फेब्रुवारी. एमायोगी नदी गोठून पांढरी.
अंगणातल्या सौनात आज लाकडं कोण घालणार
ते पाळीनं ठरतं, आणि ज्याची पाळी
त्याच्याच लॅपटॉपवर चालतो माझा सर्व्हर.
हॅस्केलच्या बावीस ओळी. काम एकच:
कुणी विचारलं तर सांगायचं, किती तापलंय.

माझ्या लिनक्सवर: सत्तर अंश. चौऱ्याहत्तर. या.
उर्वेच्या मॅकवर कधी ऐंशी, कधी कोरी खिडकी,
पुन्हा दाबलं की पुन्हा ऐंशी, जणू काही झालंच नाही.
हेल्दुरच्या जुन्या विंडोजवर
दर वेळी एकच वाक्य: जोडणी तुटली.
आणि सगळे टॉवेल खांद्यावर टाकून जिन्यात उभे.

पोर्ट बदलला. तीन हजार. आठ हजार ऐंशी.
फायरवॉल पाडली, पुन्हा उभी केली.
लोकलहोस्ट खोडून आकडे लिहिले.
ओळींच्या टोकाची न दिसणारी अक्षरं
उवा वेचाव्यात तशी वेचली.
कंपायलर म्हणाला, टाइप सगळे जुळतात.
छत्तीस गुण जुळले होते,
संसार तेवढा चालत नव्हता.

हेल्दुर एकोणऐंशीचा. ट्रॉलरवर वायरलेस ऑपरेटर होता.
चष्मा कपाळावर सरकवून त्यानं विचारलं,
"तुझं हे यंत्र ऐकतं कधी?"
"ऐकतं की. दार उघडतं, आकडा सांगतं, दार लावतं."
"ते बोलणं झालं. ऐकतं कधी?"

मी ओळी वाचल्या. वरून खाली, मग खालून वर.
ऐकायची ओळ होती. पण भाषा आळशी,
गरज पडल्याशिवाय हात न हलवणारी.
आलेल्या प्रश्नाचं पुढे काहीच करायचं नव्हतं,
म्हणून तिनं तो वाचलाच नव्हता.
लिनक्सनं चालवून घेतलं. मॅकनं अधूनमधून.
विंडोजनं तोंडावर दार आपटलं.
मी तीन आठवडे त्यालाच शिव्या देत होते.

"समोरचा 'ओव्हर' म्हणेपर्यंत
बटणाला हात लावायचा नाही," हेल्दुर म्हणाला.
"डकारच्या समुद्रात एकदा मी लावला होता."
आणि चहा घ्यायला उठला.

प्रश्नाच्या शेवटी एक रिकामी ओळ येते.
तिथवर वाच, मग बोल. एवढंच वाढवलं.
रात्री सव्वानऊला, त्याच्याच विंडोजवर: ब्याऐंशी अंश.
उर्वे चपला न घालताच बर्फातून पळाली.

वरच्या फळीवर, दगडांवर पाणी पडून लेइल उठला तेव्हा
हेल्दुर डकारचं बोलायला लागला.
दुसरं जहाज, त्यावरचा पोरगा, खरखरणारा आवाज.
शेवट मी ओळखला होता,
शब्द ओठांपर्यंत आले होते माझ्या.
तो थांबला. बर्चची जुडी पाण्यात बुडवली.
थेंब निथळू दिले.

मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं.