शब्दसूची : हर्णै

दोनशे शब्दांची यादी, वर विभागाचा शिक्का.
जगातल्या कुठल्याही माणसाला एवढे लागतातच,
असं वर्गात शिकवलेलं : मी, तू, राख, ऊ, पाणी, आई.
ती घेऊन रात्रीच्या एसटीनं आले
आणि सुग्राबी होडेकरांच्या पडवीत
रेकॉर्डर ठेवला, सुक्या बोंबलांपासून जरा लांब.
त्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, इचार.

‘बर्फ’ एकशे बाराव्या ओळीला.
सर म्हणाले होते, तिथं सरळ रेघ मार,
दर्याकाठी बर्फाला कुठला आलाय शब्द.
सुग्राबी म्हणाल्या, कंचा? लादीचा, चुऱ्याचा,
का कालचा उरलेला, पाणी सुटलेला?
मग चार लाद्या उधारीवर आणल्या तेव्हा
नवऱ्याशी झालेलं भांडण, त्याच्या आवाजासकट.
रकाना बोटभर. मी पान उलटून मागं लिहीत गेले.

‘वारा’ म्हटलं तर उलट विचारतात, कुठून?
‘समुद्र’ म्हटलं तर हसल्या,
तो शाळंत असतो गो.
इथं उधाणाचं पाणी, भांगाचं पाणी,
आनि आमचा इद्रूस गेला त्या दिवशी होतं ते.

त्याला नाव दिलं नाही.
रेकॉर्डिंगमध्ये तिथं एकोणीस सेकंद आहेत.
एक कावळा. बंदरावर कुणाचं इंजिन
दोनदा खोकून सुरू होतंय.
मी लिहिलं, ‘माहिती नाही’. खोडलं.
लिहिलं, ‘माहिती आहे’. तेही खोडलं.
आमच्या नियमावलीत यासाठी खूण नाही.

सर्वनामं मुद्दाम शेवटी ठेवली होती, सोपी म्हणून.
आमी म्हंजे? त्यांनी ओला हात हवेत फिरवला :
घरातली, मोहल्ल्यातली, होडीवरली.
आणि आपण?
आपन म्हंजे त्यात तू बी.
जरा थांबून, एक वाकडा बोंबील बाजूला टाकत :
पन तू तर जाशील आता साडेचारच्या गाडीनं.
मग?
मग आमीच.

तक्त्यात रकाना एकच आहे.
मी दोन्ही लिहिलं, मध्ये तिरकी रेघ.
सरांनी परवा विचारलं, ही रेघ कसली,
आणि या कागदांना वास कसला येतोय.
दुसऱ्याचं उत्तर देता आलं.