तो, ती, ते

धरणाचे दरवाजे खाली आले
आणि जमिनीखालचं सगळं वर येऊ लागलं.
आधी वाळवी. मग पानं कापणाऱ्या मुंग्या,
पांढरी अंडी तोंडात धरून बुरितीच्या बुंध्यावर चढणाऱ्या.
मग विंचू. आणि मग हे,
करंगळीएवढं जाड, दीड वीत लांब,
भिजलेल्या सुंभासारखं पीळ घेत.

ऑतासीलिओने ते कॉफीच्या डब्यात घातलं,
झाकणाला खिळ्याने तीन भोकं पाडली
आणि होडी वल्हवत सर्वेक्षणाच्या तंबूपर्यंत आला.
"दोन तोंडांचा साप," तो म्हणाला.
"मुंग्यांची आई. मुंग्या हिला भरवतात,
डोना एर्मेलिंडा शपथेवर सांगते."

झांदिरा हसली नाही.
तिच्याकडे आलेला हा अठ्ठ्याहत्तरावा डबा.
तिच्या गुरुजींना कुदळ घेऊन चाळीस वर्षांत
इतके सापडले नव्हते;
पाण्याने ते आठवड्यात काढून दिले.

काचेच्या नळीत सरकवून तिने भिंग लावलं.
डोळे आहेत, पण कातडीखाली,
सायीत बुडालेल्या दोन मोहऱ्या.
कान बाहेरून नाहीत.
शेपूट तोंडाची इतकी हुबेहूब नक्कल
की चावायला आलेल्याने आधी विचार करावा.
वरच्या जबड्यात बरोबर मधोमध
जोडीदार नसलेला एक दात,
तो तिच्या अंगठ्याला आधीच कळला होता.

मग कडी मोजायची, सुईच्या टोकाने, एकेक.
धडाची दोनशे एकोणीस.
मध्ये शिंक आली, पुन्हा पहिल्यापासून.
दोनशे एकोणीस.
शेपटीची वीस.
एका कड्यात पाठीवर चौदा चौकटी, पोटावर सोळा.
वहीतल्या एकाही जातीशी हिशोब जुळेना.

आणि इथे, हे लिहिताना,
माझी मराठीही अडली.
साप म्हणावं तर तो.
पाल म्हणावं तर ती.
गांडूळ म्हणावं तर ते.
शिवाय आमच्यात दुतोंडी म्हणजे
इथे एक आणि तिथे दुसरंच बोलणारा.
हा बिचारा, ही बिचारी, हे बिचारं
एकाही तोंडाने काही बोलत नाही.

विद्वानांचंही असंच झालं.
आधी सापांच्या पंगतीत बसवलं, मग उठवलं.
मग वेगळी चूल मांडून दिली.
मग कुणी पेशींतली अक्षरं लावून वाचली
आणि म्हणाले, अरे, हे तर सरड्यांच्याच घरातलं,
पाय टाकून फार पूर्वी तळघरात राहायला गेलेलं.
सापाचं डावं फुफ्फुस आखडलं, याचं उजवं.
पाय दोघांनीही सोडले,
पण एकमेकांना न विचारता.

"तुमचं नाव चिठ्ठीवर लिहायचंय," झांदिरा म्हणाली.
ऑतासीलिओला सवय होती.
धरणाच्या कचेरीतल्या अर्जावर रकाने होते:
मालक, कूळ, मजूर.
बारा वर्षं कुणाच्याही नसलेल्या जमिनीत कसावा लावणाऱ्याने
कुठे खूण करायची, ते कारकुनालाही माहीत नव्हतं.
त्याने पेन्सिलीने समासात काहीतरी लिहिलं होतं.

चिठ्ठीवर झांदिराने लिहिलं:
जात: अनिश्चित, बहुधा नवी.
जागा: ऑतासीलिओचं शेत, पूर्वेची कड.
खोली: वीस सेंटिमीटर.
मग बाहेर पाहिलं.
त्या कडेवर आता अकरा मीटर पाणी होतं,
शेवग्यासारखं काहीतरी उलटं तरंगत होतं,
एक कोंबडी त्यावर.

"मोजून झालं असेल तर," तो म्हणाला,
"सोडून द्या तिला."
"कुठे?" झांदिराने विचारलं.
टोमणा नव्हता तो. तिला खरंच जागा हवी होती.

तो बराच वेळ डब्यात बघत राहिला.
ते एकदा पुढे सरकलं, पत्र्याला लागलं.
मग न वळता तसंच मागे,
तितक्याच सहज,
पत्र्याला लागलं.